माझ्या पुस्तकातले गुरुजी

गुरुजी,

लोकांना तुम्ही फार आवडता. परवा एका बाईंचा फोन आला होता. बँकेतून निवृत्त झालेल्या, आवाज थकलेला. माझं पुस्तक त्यांनी दोन दिवसांत वाचून काढलं म्हणे. मेंढपाळाची पोर, तिला लागलेलं पुस्तकांचं वेड, मंठ्याजवळचं आपलं ते गाव, सगळं त्यांना आवडलं, पण शेवटी गाडी तुमच्यावरच आली. "तुमचे गुरुजी फार मनात राहिले हो," असं म्हणता म्हणता त्या रडायलाच लागल्या. मी फोन कानाला धरून उभी. "असा एक तरी माणूस प्रत्येकाला भेटायला हवा," त्या म्हणाल्या, आणि मी "हो ना" म्हणाले. पुस्तक येऊन तीन वर्षं झाली, तीन वर्षं मी "हो ना" म्हणतेय. पत्रं येतात ती तुमच्याबद्दल. कुठं बोलायला गेले की प्रश्न तुमच्याबद्दल. माझ्या शाळेतल्या पोरी विचारतात, बाई, गुरुजी दिसायला कसे होते? मी सांगते, उंच होते, पांढरं धोतर नेसायचे, आवाज खणखणीत होता. एवढं खरं सांगते आणि विषय बदलते, कारण यापुढं सांगण्यासारखं खरं काही त्या पुस्तकात नाही.

तुम्ही वारलात त्याला वीसेक वर्षं झाली. गावाकडून निरोप आला तेव्हा मी जालन्याच्या घरी वांगी चिरत होते. निरोप ऐकला, उरलेली वांगी चिरली, मिठाच्या पाण्यात टाकली, फोडणी दिली. मातीला आले नाही. जेवताना घरात सगळे म्हणाले की भाजी छान झालीय. मलाही छान लागली. हे तुम्हाला कळावं अशी माझी फार इच्छा होती, म्हणून आधी तेच लिहिलं.

पुस्तकात तुम्ही कसे आहात ते सांगते. पाचवीतली एक मुलगी शाळेतल्या बंद कपाटाकडं रोज बघत उभी राहते. एक दिवस गुरुजी कमरेची किल्ली काढतात, कपाट उघडतात, तिच्या हातात एक पुस्तक ठेवतात आणि म्हणतात, "हे घे. परत आणायची घाई करू नको." झालं. हे वाक्य लोकांना पाठ आहे. एका शाळेनं ते भिंतीवर रंगवून घेतलंय, त्याचा फोटो मला पाठवलाय. गुरुजी, हे वाक्य तुम्ही जन्मात कधी म्हणाला नाहीत. आणि आपल्या शाळेत कपाटच नव्हतं.

सरकारकडून आलेली पुस्तकं तुम्ही स्वतःच्या घरी नेली होती. तुमच्या आतल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी, एका लोखंडी पेटीत. पोरं पुस्तकं खराब करतात, असं तुमचं म्हणणं. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे, त्या दिवशी पेटी शाळेत यायची. टेबलावर पुस्तकं मांडली जायची आणि साहेबांची जीप दिसली की तुम्ही एकेका पोराच्या हातात एकेक पुस्तक द्यायचात. "वाचल्यासारखं करा." साहेब गेले की पुस्तकं गोळा, मोजून पेटीत. पाचवीच्या वर्षी मलाही एक मिळालं. समुद्रावर हरवलेल्या एका मुलाची गोष्ट होती. मी समुद्र पाहिलेला नव्हता, मला गोदावरीच समुद्र वाटायची. मी वाचल्यासारखं केलं नाही, वाचायलाच लागले. जीप कधी आली आणि कधी गेली मला कळलं नाही. तुम्ही पुस्तकाला हात घातलात तेव्हा मुलाची होडी नुकतीच फुटली होती आणि मी पुस्तक सोडलं नाही. तुम्ही ओढलं. मी धरून ठेवलं. पान फाटलं.

तुम्ही मला मारलं असतं तर मी केव्हाच विसरले असते. त्या काळी मार कुणी लक्षात ठेवत नव्हतं. तुम्ही पुस्तक नाकाशी नेलंत. मग माझा हात मनगटाला धरून नाकाशी नेलात आणि सगळ्या वर्गाला म्हणालात, "बघा. सरकारी पुस्तकाला लेंड्यांचा वास लावला हिनं." वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण हसली. आम्ही मेंढरं-शेळ्या राखणारी माणसं, आमच्या अंगाला वास असणार हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. घरी जाऊन मी राखेनं हात घासले, मातीनं घासले, बोटांची सालं निघेस्तोवर घासले. माय म्हणाली, "काय करून राह्यली गं?" मी म्हणाले, काही न्हाई.

आणि त्याच हातांनी काढलेलं दूध तुम्ही रोज सकाळी पीत होता. तुमच्या पोटाच्या दुखण्यावर कुणीतरी शेळीचं दूध सांगितलं होतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केवढा मान वाटायचा त्याचा. गुरुजींच्या घरी आपलं दूध जातं! दादांना अक्षर येत नव्हतं, पण गुरुजी हा शब्द ते उभं राहूनच उच्चारायचे. तर रोज सकाळी दुधाची चरवी घेऊन मी तुमच्या मागच्या दारी यायची. तुम्ही पुढच्या ओट्यावर दाढी करत असायचात आणि स्वयंपाकघरात तुमच्या बायको असायच्या, काकू.

त्या तपासणीनंतर चार-पाच दिवसांनी काकूंनी माझे हात पाहिले. विचारलं, "काय झालं गं हातांना?" मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मायला सांगितलं नव्हतं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदराला हात पुसले, पुढच्या दाराचा कानोसा घेतला आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदराखाली तेच समुद्राचं पुस्तक होतं. फाटलेलं पान त्यांनी भाताच्या पेजेनं चिकटवलं होतं. रिकाम्या चरवीत पुस्तक घातलं, वर फडकं टाकलं. म्हणाल्या, "हे घे. परत आणायची घाई करू नको. मी सध्या दुसरं वाचून राह्यले."

हसनाबादकडचं त्यांचं माहेर. सातवी शिकलेल्या होत्या, त्या काळात बाईमाणसाला पुष्कळ झालं. तुम्ही शाळेत गेलात की दुपारी त्या पेटी उघडून वाचत बसायच्या, वर्षानुवर्षं. तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता, कारण स्वयंपाकाला कधी उशीर झाला नव्हता. पुढची दोन वर्षं मी ती सगळी पेटी चरवीतून वाचली. दूध ओतताना आमचं बोलणं चालायचं, दबक्या आवाजात. "पोचलीस का त्या म्हातारीपर्यंत?" "पोचले." "मंग? खरं बोलून राह्यली असं वाटतं का तुला ती?" त्या मला शेवट कधी सांगायच्या नाहीत आणि मी सांगू लागले तर कानावर हात ठेवायच्या. एका गोष्टीत एका राणीला वनवासात पाठवतात, त्यावर तर काकूंनी आठ दिवस राग धरला होता, भाकरी थापताना त्या राजाला शिव्या द्यायच्या. पुस्तकावर असं भांडता येतं, हे मला त्या चुलीपाशी कळलं. तुम्ही बाहेर गालाला फेस लावून गुणगुणत असायचात.

सातवीच्या वर्षी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगायचंय. तपासणीला नवे साहेब आले. त्यांनी टेबलावरची पुस्तकं नुसती बघितली नाहीत, उघडली. एकात हळदीचा ठसा होता, एकात ज्वारीचं पीठ सांडलं होतं, एकाचा कोपरा चरवीतल्या ओलीनं फुगला होता. तुमचा चेहरा उतरला. मी पहिल्या रांगेत होते, मी पाहिला. आणि साहेब हसले. म्हणाले, "वा गुरुजी! आख्ख्या तालुक्यात नवी कोरी पुस्तकं बघून कंटाळलो होतो. वापरलेली पुस्तकं आज पहिल्यांदा पाहिली. पोरांना गोडी लावलीत तुम्ही." तुम्ही क्षणभर थांबलात. एक क्षण गुरुजी, मी मोजला तो. मग हात जोडून म्हणालात, "आपलं कर्तव्यच आहे, साहेब." त्या उन्हाळ्यात मंठ्याला तुमचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. पोरांना पुस्तकांची गोडी लावणारे गुरुजी! म्हणजे माझ्या पुस्तकातले ते गुरुजी मी रचलेले नाहीतच. तुम्हीच त्या टेबलापाशी उभं राहून रचलेत. मी नुसते छापले.

सत्कारानंतर आठच दिवसांनी तुम्ही आमच्या वस्तीवर आलात. कधी न येणारे तुम्ही. दादांनी धावत जाऊन नवं घोंगडं अंथरलं. तुम्ही त्यावर बसला नाहीत. उभ्या उभ्या म्हणालात, "पोरगी हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण तिला उचलायची सवय लागलीय."

दादांना समजलंच नाही. "काय उचलायची, गुरुजी?"

"पुस्तकं. माझ्या घरातून. सरकारी माल आहे तो. उद्या वर कळलं तर पोलीस तुमच्या दारात येतील. मी काही बोलणार नाही, पण आता हिला पुढं शिकवू नका. वाचायचा नाद वाईट असतो, त्यातूनच हे सुचतं."

दादांनी हात जोडले. माझ्या बापाला मी देवासमोर सोडून कुठं हात जोडताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आमच्यात पोटाला न्हाई मिळालं तरी कुणी दुसऱ्याचं उचललं न्हाई, गुरुजी. चुकलं लेकराचं. माफी असावी." मी शेळीच्या गळ्यातल्या दाव्याला धरून उभी होते. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, काकूंनी दिली, एवढंच. पण मग घरी गेल्यावर तुम्ही काकूंचं काय केलं असतं? मी तेरा वर्षांची होते आणि गप्प राहिले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी गप्प राहणार हे तुम्हाला ठाऊक होतं आणि कशासाठी राहणार तेही ठाऊक होतं. त्या हळदीच्या ठशानं आणि ओलीनं फुगलेल्या कोपऱ्यानं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुमच्या घरात हळदीचे हात तुमचे नव्हते.

माझी शाळा सुटली. पुस्तकात मी लिहिलंय की त्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून मला कळपाबरोबर जावं लागलं. वाचकांना त्याचंही वाईट वाटतं. पाऊस बराबर झाला होता. दिवाळीनंतर आम्ही कळप घेऊन गोदावरीकडं निघालो, शहागडच्या बाजूला. रोज कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पुढं जायचं. दादा माझ्याशी बोलायचे नाहीत. मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त मुक्काम हलला की पुढं चालायचे आणि मागं वळून बघायचे नाहीत. चोर म्हणून बापाच्या मागं चालणं कसं असतं ते तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. मी ते चार महिने केलं. मग एके संध्याकाळी पाण्यावरून परत आल्यावर दादा म्हणाले, "माघारी गेलो की तू मंठ्याच्या शाळेत जायचं." मी विचारलं, का? "मी म्हणतो म्हणून," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. मी समजले की बापाला दया आली. पुस्तकातही तसंच लिहिलं. लोक दादांबद्दलही चांगलं बोलतात, तुमच्याइतकं नाही, पण बोलतात.

यंदाच्या जानेवारीत आपल्या गावच्या शाळेतून फोन आला. नव्या मुख्याध्यापिका, तरुण पोरगी, उत्साही. शाळेत वाचनाची खोली बांधलीय, तुमचं नाव दिलंय, उद्घाटनाला मीच यायला हवं. "मॅडम, तुमच्या पुस्तकामुळंच तर झालं सगळं. गावानं वर्गणी काढली." नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि हो म्हणाले. सवयच लागलीय. गेले तर दारावर तुमच्या नावाची पाटी, आत तुमचा हार घातलेला फोटो, आणि पोरींनी माझ्या पुस्तकातल्या प्रसंगाचं नाटुकलं बसवलेलं. एका चुणचुणीत पोरीनं काजळाच्या मिशा काढून तुमचं काम केलं. "हे घे," ती तुमच्या खणखणीत आवाजात म्हणाली, आणि सगळ्या गावानं उरलेलं वाक्य तिच्याबरोबर म्हटलं. पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकू बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढं गेलेल्या, हातात काठी. त्यांनी वाक्य म्हटलं नाही. टाळ्या मात्र वाजवल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी मला काठीनं खूण करून बोलावलं. मी पाया पडले. इतक्या वर्षांत त्यांना भेटायला गेले नव्हते, तुमच्या घराची पायरी नको म्हणून. तुम्ही गेल्यावरही नाही, ते कसं झालं माझं मला सांगता येत नाही.

"वाचलं तुझं पुस्तक," काकू म्हणाल्या. "दोन बार वाचलं."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"लिव्हतीस चांगलं. एक इचारू का?"

"विचारा ना, काकू."

"सगळ्या पुस्तकात मी एकदाच येते. बराबर? ओट्यावर साहेब आल्ते अन् मी चहा घेऊन आले." त्या माझ्याकडं डोळे बारीक करून बघत होत्या, राग कुठं दिसत नव्हता. "दोन वर्षं तुझ्यासंगं मी चहाच करून राह्यल्ते का गं?"

गुरुजी, तुम्ही माझा हात हुंगलात त्या दिवशी मला जे झालं, त्याच्या दुप्पट मला तिथं झालं. फरक एवढाच की यावेळी दोष माझा होता. मी म्हणाले, चुकलं काकू. त्या म्हणाल्या, "चुकलं ते दिसतंयच. का चुकलं ते सांग." मला सांगता आलं नाही तिथं. इथं सांगते. तुमच्या मागच्या दाराचं लिहायचं तर चरवीचं लिहावं लागलं असतं, चरवीचं लिहिलं की हातांचं, आणि हातांचं लिहिलं की तुम्ही वर्गात काय म्हणालात ते. ते वाक्य मला छापून यायला नको होतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, शिक्षिका, आणि मला अजून त्या वाक्याची लाज वाटत होती, जणू ते मी म्हटलं होतं. त्यापेक्षा कपाट सोपं, किल्ली सोपी. चांगले गुरुजी लिहायला एक दुपार पुरली.

मग काकूंनी मला हाताला धरून त्या नव्या खोलीत नेलं, तुमच्या फोटोखाली बसवलं आणि म्हणाल्या, "आता ऐक. तुझ्या बापाला दया बिया काही आली नव्हती." त्या वर्षी माझ्यावरचा आळ त्यांच्या कानावर आला, तेव्हा त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की माहेरी जाते. जालन्याच्या स्टँडवर उतरल्या आणि माहेरची, भोकरदनची गाडी सोडून बीडच्या गाडीत बसल्या. आयुष्यात एकटीनं तेवढा प्रवास कधी केला नव्हता. शहागडला उतरल्या, हायवेवर ट्रकवाल्यांना विचारलं, चहाच्या टपऱ्यांवर विचारलं, मंठ्याकडची मेंढरं कुठं उतरलीत? दोन दिवस लागले. एका टपरीवाल्याच्या बायकोनं मुक्कामाला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी नदीच्या काठी दादा मेंढरांना पाणी पाजताना सापडले.

"मी सरळ सांगितलं त्याला. म्हणलं, तुझी पोर चोर न्हाई. पेटी माझ्या हातानं उघडली, पुस्तकं माझ्या हातानं दिली. पाप असंल तर माझं. पण पोरीला शाळेत घाल, न्हाईतर मी इथून हलत न्हाई."

"दादा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? खाली बसला अन् रडला. मोठा माणूस, मेंढरांत बसून रडला. मी म्हणलं, रडू नको, अन् मी आल्ते हे पोरीला सांगू नको. तिचं वय लहान, घरी येऊन काही बोलली तर जड जाईल मला."

दादांनी मला कधीच सांगितलं नाही. पण प्रामाणिक माणूस, गावी आल्यावर तुमच्याकडं गेले. हात न जोडता गेले असतील, अशी माझी आशा आहे. म्हणाले, गुरुजी, माझी पोर चोर न्हाई, तुमच्या बाईंनीच सांगितलं. त्यांना वाटलं ते तुमचा गैरसमज दूर करतायत.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते काकूंनी मला हसत सांगितलं, म्हणून जास्त लागलं. पेटी शाळेत गेली. घरी येणारा पेपर बंद झाला. छापील कागद म्हणून घरात येऊ द्यायचा नाही. किराणा आला की पुड्या डब्यात रिकाम्या करायच्या आणि कागद तुमच्या देखत चुलीत. "मंग मी काय वाचायची ठाऊक हाय? खताच्या गोणीवरचं. एसटीचं तिकीट. एकदा डॉक्टरच्या औषधाचा कागद गावला, तो आठ दिवस पुरवला." आणि बोलणं बंद. मरेपर्यंत तुम्ही त्यांना नावानं हाक मारली नाहीत. "भाकर" म्हणायचात, "पाणी" म्हणायचात. वीस वर्षं, गुरुजी. शाल-नारळाची लाज झाकायला एका बाईची वीस वर्षं लागली तुम्हाला. पोथीचं पान फाडलं तर पाप लागतं असं तुम्हीच आम्हाला शिकवायचात.

मी काकूंना तिथंच म्हणाले, नवी आवृत्ती निघतेय, मी बदलते सगळं. मला वाटलं त्या नको म्हणतील, जाऊ दे म्हणतील, आपल्याकडच्या बायका म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "बदल. जल्दी बदल. मी हाय तोवर." पाटीचं विचारलं तर म्हणाल्या, "ती राहू दे. आडनाव तर माझंबी तेच हाय."

प्रकाशक तयार नव्हते. लोकांचं प्रेम आहे त्या गुरुजींवर, कशाला हात लावता, असं त्यांचं. मी म्हणाले, मग आवृत्ती काढू नका. महिनाभर अबोला झाला आणि शेवटी ते कबूल झाले. मी तो भाग पुन्हा लिहिला. चरवी, पेज, हळद, हात, वर्गातलं तुमचं वाक्य, शहागड, चुलीत गेलेले कागद. लिहिताना तुमची भीती वाटली. मेलेल्या माणसाची भीती वाटायला नको, पण एखादं वाक्य कठोर झालं की मी दरवाजाकडं बघायची. मग गावी गेले आणि काकूंना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमच्याच घरात, तुमच्याच ओट्यावर, भर दुपारी. शेजारच्या बाया उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. वाचून झालं. काकूच म्हणाल्या, "बराबर हाय. पर मला जास्तीच चांगलं करून ठिवलंस."

"म्हणजे?"

"मी काय तुझ्यावर उपकार म्हणून पुस्तकं देत न्हवते. एकटीनं वाचून वाचून जीव उबगला होता माझा. गोष्ट संपली की बोलायचं कुणासंगं? भिताडासंगं? तू आलीस, मला बरं झालं. ते लिव्ह." मग काठी आपटून म्हणाल्या, "आता मला गुरुजी करून ठिवू नको."

ते लिहिलं. तसंच, त्यांच्या शब्दांत. पुस्तक पुढच्या महिन्यात येईल. ज्यांना तुम्ही आवडत होता त्यांना वाईट वाटेल, काही जण मला रागानं लिहितील, गावातही दोघा-चौघांची तोंडं आत्ताच वाकडी झालीत. होऊ देत. तुमच्या बाजूनं बोलायला पुष्कळ लोक आहेत, त्यांना मीच गोळा केलं होतं.

आता महिन्यातून एकदा मी काकूंकडं जाते, पिशवीभर पुस्तकं नेते. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून बऱ्याचदा मीच वाचते आणि त्या मध्ये मध्ये भांडतात. लिहिलेलं सगळं मी त्यांना दाखवते. हे पत्र दाखवणार नाही. कारण एक गोष्ट उरलीय आणि ती मी त्यांना सांगू शकत नाही. तीन वर्षांपूर्वी पहिल्या आवृत्तीची प्रत हातात आली तेव्हा मला काकू आठवल्या नाहीत, दादाही नाहीत. तुम्ही आठवलात. पुस्तक टेबलावर ठेवून मी कितीतरी वेळ नुसती उभी होते, आणि मनात एकच होतं, की तुम्ही असता, हे उघडलं असतंत, आणि शाब्बास म्हणाला असतात.